दातांचं टोपडं

“तोंड मीट आधी. उघड्या तोंडात वारं शिरतं नि दात वाकडा येतो. मिटलंस? आता ऐक.”

तुळजाआत्याचा हा आवाज मथुराच्या कानात अजूनही यायचा. भाकरी थापताना मध्येच, नाहीतर गच्चीवर कपडे झटकताना. आत्या जाऊन किती पावसाळे झाले, पण आवाज गेला नव्हता. जाडाभरडा, मिश्रीनं जरा बसलेला. ते शब्द पहिल्यांदा ऐकले तेव्हा मथुरा परकरात होती. पुढचा दात पडला होता आणि तो मुठीत आवळून ती रडत होती. आत्यानं तिला उंबऱ्यावर बसवलं, मूठ सोडवली, तो तांदळाएवढा दात शेणाच्या गोळीत घालून कौलांवर भिरकावला आणि मग गळा मोकळा सोडला,

पहिला गं दात उसना, चांदोबानं धाडियेला
दुसरा गं दात आपुला, जन्माला जोडियेला
तिसऱ्याची वाट बाई, कुणी नाही पाहियेली

मथुराला तेव्हा त्यातली पहिलीच ओळ आवडली होती. चांदोबा दात धाडतो हे ऐकून ती हसली होती. शेवटची ओळ तिला कळली ती गेल्या आषाढात, जेव्हा तिच्या लेकीचा दुसरा, जन्माला जोडलेला दात चहाच्या टपरीवरून आणलेल्या दुधाच्या पेल्यात तळाशी जाऊन पडला.

लेकीचं नाव राजनंदिनी. घरात नंदू. वाघोलीच्या कॉलेजात दुसऱ्या वर्षाला होती आणि संध्याकाळी हडपसरच्या एका पत्र्याच्या शेडमध्ये मच्छिंद्र सरांकडे बॉक्सिंग शिकत होती. तोंडात घालायचं माउथगार्ड तिनं खेळाच्या दुकानातून आणलं होतं, गरम पाण्यात बुडवून मऊ करायचं आणि चावून आपल्या दातांवर बसवायचं, त्यातलं. ते तिनं मांजरी गावातल्या घरात, मथुराच्या ओट्यापाशी उभं राहूनच बसवलं होतं. पाणी धड तापू दिलं नव्हतं. मागची टोकं घशाला लागतात म्हणून कात्रीनं कापली होती. मग ते तोंडात राहायचं ते नुसतं दात आवळून. त्या दिवशी सरावात एका ठोशानं ते उडालं आणि दुसऱ्या ठोशानं दात.

मच्छिंद्र सरांनी डोकं शांत ठेवलं. दात मुळाला न धरता उचलला, दुधात टाकला आणि पोरीला मोटरसायकलवर बसवून थेट शनिवार पेठ गाठली. तिथं डॉक्टर पद्मजा गोडबोले यांनी तो दात परत त्याच्या जागी बसवला आणि शेजारच्या दातांना तारेनं बांधून टाकला. मथुरा आणि सर्जेराव मांजरीहून पोचले तेव्हा नंदू खुर्चीत बसून सुजल्या ओठांनी म्हणत होती, “चिल, पप्पा. काय नाय झालं.”

सर्जेराव, तिचा बाप, जेसीबी भाड्यानं देणारा, आवाजानं अख्खी आळी हलवणारा माणूस, दवाखान्याच्या जिन्यात जाऊन रडला.

तार निघाली, मुळाचं काम झालं, पण घरात निवाडा व्हायचा होता. सर्जेराव म्हणाला, “बास झालं. ग्लोव्हज माळ्यावर टाक.” नंदू जेवायची बंद झाली. दोन्हीकडून ताणलेली दोरी तशी घरातली हवा झाली. शेवटी सर्जेरावानं त्याच्या पद्धतीनं वाट काढली. गावातल्या देवीला कौल लावला. पुजाऱ्यानं देवीच्या दोन्ही खांद्यांना ओली फुलं चिकटवली, सर्जेराव हात जोडून बसला. उजवं पडलं तर खेळू द्यायचं, डावं पडलं तर बंद. बराच वेळ दोन्ही फुलं जागची हलली नाहीत. मग उजवं निसटलं.

सर्जेराव घरी आला तो हलका होऊन. “देवीनं शब्द दिलाय. खेळू दे. पण आता त्या दाताला धक्का लागला, का काही आडवं आलं, तर समजायचं देवीनं शब्द मागं घेतला. मग मला कुणी काय सांगायचं न्हाई.”

नंदूनं बापाच्या गळ्याला मिठी मारली. मथुराला कुणी काही विचारलं नाही. तीही भाजीच्या फोडणीकडे बघत राहिली.

*

नवं माउथगार्ड दुकानातलं नको, दातांचा साचा घेऊन करायचं, असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं. त्यासाठी तिघंही पुन्हा शनिवार पेठेत गेले.

“मॅडम, दुकानात तयार मिळतंय की असंच,” सर्जेरावानं उगाच विचारलं.

“मिळतं ना,” डॉक्टर पद्मजा हातमोजे चढवत म्हणाल्या. “चपलाही तयार मिळतात. त्या घालून डोंगर चढणारे मग माझ्या यजमानांकडे येतात. ते हाडांचे डॉक्टर आहेत. बसा आपण. पाहायचं असेल तर पाहा, पण हात मागे.”

त्यांनी गुलाबी लगदा भरलेला पसरट चमचा नंदूच्या वरच्या दातांवर दाबला. नंदूला उमासे आले, डोळ्यांत पाणी आलं. “पुढे वाक. नाकानं श्वास घे. एवढे ठोसे खातेस, हे खाता येत नाही?” लगदा निघाला तेव्हा त्यात दातांचे खळगे उमटले होते. पुढच्या खेपेला त्यात ओतलेलं प्लास्टर घट्ट होऊन नंदूचे दात टेबलावर मांडलेले होते, पांढरे, अबोल. मथुरानं न राहवून त्यांवरून बोट फिरवलं.

“तुमचेच आहेत,” डॉक्टर म्हणाल्या. “हसा बघू जरा. हं. तीच ठेवण. तोच बाजूचा दात किंचित आडवा. मुलीनं वडिलांकडून आवाज घेतलाय, तोंड मात्र आईचं.”

मथुरा लाजून पदराआड हसली. हे तिला लहानपणापासून सगळे सांगत आले होते, नंदू हसली की मथुराच हसते म्हणून.

त्या प्लास्टरच्या दातांवर एक जाडसर निळी चकती तापवून, ओढून बसवली होती आणि कडा घासून गुळगुळीत केल्या होत्या. ते माउथगार्ड नंदूनं तोंडात घातलं तेव्हा ‘चप्’ असा आवाज झाला.

“दात न दाबता तोंड उघड. पडलं? नाही ना? आता बोल काहीतरी.”

“काय बोलू?”

“काहीही. पुण्यात विषयांना तोटा नाही.”

“पप्पा, वडापाव खाऊन जाऊ,” नंदू म्हणाली, आणि शब्द बऱ्यापैकी स्वच्छ उमटले. डॉक्टरांनी निळा कागद चाववून दोन्ही बाजूंना सारखा दाब येतो का ते पाहिलं, ओठ उचलून हिरडीला कड टोचत नाही ना ते पाहिलं, दोन ठिकाणी पुन्हा घासलं. मग खुर्ची सरळ केली आणि तिघांकडे एकदम बघत सांगितलं, “तो दात सध्या तिथं पाहुण्यासारखा बसलाय. घरचा व्हायला वेळ लागेल. पुन्हा फटका बसला तर जाईल, आणि जाताना थोडं हाडही घेऊन जाईल. तेव्हा हे नीट बसलेलं असल्याशिवाय रिंगणात पाय नाही. वापरलं की गार पाण्यानं धुवायचं, मऊ ब्रश फिरवायचा, पुसून सुकवून या भोकं असलेल्या डबीत. गरम पाणी नाही. ऊन नाही. गाडीच्या काचेपाशी ठेवायचं नाही. चघळायचं नाही, ते च्युइंगम नव्हे. आणि कुठं चेपलं, सैल झालं, तर स्वतःची अक्कल चालवायची नाही. साचा माझ्या कपाटात आहे. तासा-दोन तासांत दुसरं काढून देते.”

तिघांनी माना डोलावल्या. त्या दिवसापासून ते धुणं-पुसणं मथुरानं आपल्याकडे घेतलं. नंदू दमून यायची, पिशवी टाकायची नि आडवी व्हायची. मथुरा माठातलं पाणी घेऊन, तान्ह्या बाळाचं डोकं धुवावं तसं ते निळं काहीतरी धुवायची. त्याला ती दातांचं टोपडं म्हणायची. नंदू ओरडायची, “आई, प्लीज, सरांसमोर टोपडं म्हणू नकोस, पोरी मला बाळ म्हणायला लागल्यात.”

“मग हायसच की.”

*

नवरात्रात घट बसले. घटाशेजारी अखंड दिवा, जाड वातीचा. दसऱ्यानंतर नंदूची निवड चाचणी होती. त्यात जिंकली तर राज्याच्या संघात. सर्जेराव रोज आरतीला देवीला त्याची आठवण करून द्यायचा, जणू देवी विसरेल.

खंडेनवमीला घरातली सगळी हत्यारं पूजेला लागतात. ज्याच्यावर पोट आणि ज्याच्यावर लाज, ते ते देवीपुढं. सर्जेरावानं जेसीबी धुऊन तिच्या लोखंडी सोंडेला हार घातला. आत घटापुढं चौरंगावर कोयता, खुरपं, जेसीबीचे नट आवळायचे पाने, नंदूचे ग्लोव्हज, हाताला बांधायच्या पट्ट्या. हळदकुंकू, झेंडूची पाकळी.

“आई, टोपडं राहिलं बघ तुझं,” नंदूनंच हसत डबी पुढं केली.

मथुरानं ते डबीतून काढलं. डबीत देवीचा उजेड कसा पोचणार? चौरंगावर कोयत्याशेजारी ते फारच बापुडवाणं दिसत होतं. तिनं ते उचललं आणि दिव्याच्या अगदी कुशीला, समईच्या ताटलीत टेकवून ठेवलं. नंदू डबी देऊन बाहेर गेली होती, तेवढ्यापुरतं घरात कुणी नव्हतं, म्हणून ती हलक्यानं गुणगुणलीही,

दिव्याच्या उजेडात, ठेविते मी गं कवच
लेकीच्या मुखाला माझ्या, लागू नये कसली आच

ऊन नको, गरम पाणी नको, गाडीची काच नको, सगळं तिच्या ध्यानात होतं. दिव्याचं नाव कुणी घेतलं नव्हतं.

पूजलेली वस्तू दसऱ्यापर्यंत हलवायची नाही. दसऱ्याला उजाडता उजाडता मथुरा तेल घालायला गेली, तर वात एका अंगाला झुकून मोठी झाली होती आणि माउथगार्डची डावी बाजू खाली बसली होती. मेणासारखी. मागचं टोक आत वळलं होतं आणि त्यावर कुंकवाचा एक कण रुतून बसला होता.

ती खालीच बसली. पहिल्यांदा तिला काही वाटलंच नाही. मग सर्जेरावाचे शब्द आठवले. काही आडवं आलं तर देवीनं शब्द मागं घेतला समजायचं. हे नुसतं आडवं नव्हतं, हे देवीच्या पुढ्यात, देवीच्या दिव्यानं झालं होतं. सर्जेरावाला दुसरा पुरावा कशाला हवा होता? आणि तिला स्वतःला तरी? तिनं घटाकडं पाहिलं. अंकुर पिवळे, कोवळे, एका बाजूला कललेले. देवीचा मुखवटा नेहमीसारखाच. होय म्हणाला नाही, नाही म्हणाला नाही.

आत सर्जेराव खाकरला. उठला म्हणजे आंघोळ करून सगळी हत्यारं तोच चौरंगावरून उचलणार होता.

मथुरानं माउथगार्ड पदरात घेतलं आणि ओट्यापाशी आली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, अक्कल चालवायची नाही. पण दुकान बंद, दवाखाना बंद, सणाचा दिवस, आणि बाथरूमच्या दाराची कडी वाजली. तिला ते जुनं आठवलं, गरम पाण्यात घालून चावायचं. इथंच तर नंदू उभी होती. चहाचं आधण उकळतच होतं. तिनं वाटीत पाणी काढलं, निळं टोपडं त्यात बुडवलं, ते ढिलं पडलं तसं चिमट्यानं उचललं. आता चावायचं कुणी? नंदू झोपलेली.

तोंड मात्र आईचं.

तिनं ते स्वतःच्या तोंडात घातलं. जीभ भाजली. डोळे मिटून तिनं दात दाबले, गालांवरून बोटांनी चेपलं, ओठ आत ओढले, जसं लेकीला करताना पाहिलं होतं तसं. थंड पाणी तोंडात घेऊन धरलं. काढलं तेव्हा आत वळलेलं टोक सरळ झालं होतं. बाजू बसकी राहिली नव्हती. दिसायला तसंच. तिनं ते धुतलं, कुंकवाचा कण नखानं काढला आणि सर्जेराव ओल्या अंगानं देवघरात यायच्या आत जागेवर ठेवलं. दिव्यापासून लांब.

“काय गं, चेहरा का असा?”

“चहानं भाजलं तोंड.”

*

दोन दिवसांनी नंदू सरावाहून आली आणि डबी उघडून माउथगार्ड उलटसुलट करत बसली.

“आई, हे वेगळं लागतंय. आधी चप् बसायचं. आता डावीकडं हलतंय.” मग मान वर करून, “तू गरम पाण्यानं तर नाही ना धुतलंस?”

सांगायला ती वेळ चांगली होती. सर्जेराव घरात नव्हता. मथुराच्या तोंडात वाक्य आलंही होतं.

“मी? छे गं.”

एवढंच. पण तो शब्द तोंडातून गेला आणि मागं दार लागल्यासारखं झालं. आता सांगायचं म्हणजे दोन गोष्टी सांगायच्या होत्या.

“मग मीच जास्त चावत असेन,” नंदू म्हणाली आणि तिनं आईवर विश्वास ठेवला. मथुराला तेच सोसवेना.

पुढचे दिवस मथुरा लेकीचं तोंडच बघत राहिली. जेवताना नंदू एकाच बाजूनं चावायची. कानशिलावर बोटं दाबायची. माउथगार्ड घालून बोलली की स चा श व्हायचा. मच्छिंद्र सर एकदा घरापर्यंत सोडायला आले तेव्हा पायरीवरच म्हणाले, “ताई, हिला सांगा, दात आवळून धरती सारखी. दम तिथंच संपतोय. टेन्शन घेतलंय पोरीनं.”

“घेणारच,” सर्जेराव आतून ओरडला. “वाघीण झेपेच्या आधी आंग आवळतीच की!” तो अलीकडं फार आनंदात होता. कौलाचं ते उजवं फूल त्यानं वाळवून पाकिटात ठेवलं होतं, ज्याला त्याला दाखवायचा.

मथुराला त्याचा राग यायचा आणि लगेच ओसरायचा. हा माणूस जिन्यात कसा रडला होता ते तिनं पाहिलं होतं. त्या फुलाला धरूनच तर तो लेकीला ठोसे खायला पाठवत होता. फूल काढून घेतलं तर त्याच्या हातात काय उरणार? भीतीच. आणि भ्यालेला सर्जेराव फक्त एकच गोष्ट करू शकायचा, दार लावून घ्यायचा.

एकदा दुपारी तिनं दवाखान्यात फोन लावला.

“डॉक्टरीणबाई, मी नंदूची आई. मांजरीची. सहज इचारते…”

“सहज कुणी दवाखान्यात फोन करत नाही. काय झालंय?”

“त्या टोपड्याला… माउथगार्डला जर का समजा…”

बाहेर जेसीबीचा आवाज थांबला. सर्जेराव दारात उभा राहून चप्पल काढत होता. “कुणाचा फोन?”

“काही न्हाई,” मथुरा फोनमध्येच म्हणाली. “दसऱ्याच्या शुभेच्छा द्यायच्या हुत्या.”

डॉक्टर म्हणाल्या, “दसरा होऊन गेला. पण पोचल्या. उशिरानं का होईना.” मग जरा खालच्या आवाजात, “हे पाहा, काही वाटलं तर घेऊन या. वाटायच्या आधी आणलंत तर उत्तमच. साचा आहे माझ्याकडे.”

फोन ठेवल्यावर तिला वाटलं, या बाईला कळलं. आणि मग वाटलं, कळून काय उपयोग, बोलायचं तर मलाच हाय.

त्या संध्याकाळी तिनं देवीपुढं बसून एक फूल नुसतं ठेवलं. चिकटवलं नाही. पडायला किंवा न पडायला तिनं त्याला सांगितलं नाही. तिला भीती वाटत होती की कौल लावला तर डावं पडेल, आणि उजवं पडलं तरी विश्वास बसणार नाही.

बोलू किती गं बोलू, बोल अडे दातापाशी
ओठाच्या आत बाई, जागा नाही उरे श्वासा

ओवी जुळली नाही. मागच्या ओळीला पुढची ओळ कुठं बसलीच नाही. ती उठली आणि कणीक मळायला लागली.

*

निवड चाचणी शहरात, एका मोठ्या सभागृहात होती. सर्जेरावानं गाडी काढली. नदीवरच्या पुलावर आल्यावर शनिवार पेठेकडं जाणारा रस्ता मथुरानं ओळखला. तोंड उघडलं. नंदू मागच्या सीटवर डोळे मिटून कानात गाणी ऐकत होती, सर्जेराव रिक्षावाल्याला आईवरून काही तरी म्हणत होता. रस्ता मागं गेला.

सकाळी वजनं झाली. चिठ्ठ्या निघाल्या. नंदूची लढत दुपारच्या फेरीत, जेवणाच्या सुट्टीनंतर. प्रतिस्पर्धी पिंपरीकडची, उजव्या हाताला जोर असलेली, लांब हातांची. मच्छिंद्र सर म्हणाले, “उजव्या हाताला जोर हाय म्हणजे तिचा मोठा ठोसा तुझ्या या अंगानं येणार.” आणि त्यांनी हवेत हात फिरवून नंदूच्या डाव्या गालाशी आणून थांबवला.

मथुरा प्लास्टिकच्या खुर्चीत बसून ते बघत होती. तिच्या स्वतःच्या डाव्या गालात काहीतरी दुखून आलं.

“ताई, केळं खा,” सर म्हणाले. “तुम्हीच लढणार असल्यासारख्या पांढऱ्या पडलाय.”

सर्जेराव मोठ्यानं हसला. “ही? ही झुरळाला भिती.”

“पप्पा, आई नाही भीत झुरळाला. तुम्ही भिता,” नंदू म्हणाली, आणि सगळे हसले. मथुराही हसली. हसताना नंदूचा तो पाहुणा दात चमकला, थोडा पिवळट, शेजाऱ्यांपेक्षा किंचित वर. तिथंच राहायचं ठरवल्यासारखा.

मग सकाळच्या लढती चालू असतानाच नंदूनं हाताला पट्ट्या बांधल्या. कोपऱ्यात सर ठोसे झेलायचे गादीचे पंजे हातात घालून उभे राहिले. ‘एक-दोन, वाक. एक-दोन, वाक.’ माउथगार्ड तिच्या तोंडात निळं दिसत होतं. प्रत्येक ठोशाला ती जबडा आवळत होती, दोन ठोशांच्या मध्ये जिभेनं डावी बाजू वर ढकलत होती. एकदा ते खाली घसरलं. तिनं ग्लोव्हच्या अंगठ्यानं ते आत दाबलं.

“घट्ट धर,” सर म्हणाले.

“धरलंय शर.”

थोडा वेळ थांबून तिनं ते काढलं, पाण्याची गुळणी केली. गुळणीचं पाणी बादलीत पडलं ते गुलाबी होतं. हिरडीला कड लागली होती. नंदूनं ओठाची बाजू मनगटानं पुसली, कुणी बघतंय का पाहिलं, आणि पटकन ते परत घातलं. पप्पांना दिसू नये म्हणून. मथुराला ते कळलं. पोरगीही लपवत होती. तिलाही त्या फुलाचीच भीती होती.

आणि लढतीत ते उडेल. पहिल्या ठोशाला उडेल, दुसऱ्याला दात जाईल, आणि पोरीला वाटेल आपण चावलं म्हणून, सरांना वाटेल टेन्शन घेतलं म्हणून, बापाला वाटेल देवी नाही म्हणाली म्हणून. प्रत्येकाकडं एकेक कारण असेल. एक तिच्याकडचं सोडून सगळी खोटी.

ती उठली. खेळाडूंच्या बाजूला दोरी लावलेली होती, ती तिनं वर उचलली.

“ओ मावशी, इकडं नाही यायचं. गॅलरीत बसा,” गळ्यात ओळखपत्र घातलेला एक स्वयंसेवक म्हणाला.

“बसते,” मथुरा म्हणाली आणि दोरीखालून आत गेली.

“आई? काय झालं?” नंदूनं हात खाली केले. मच्छिंद्र सर वळले. सर्जेराव खुर्चीतून अर्धवट उठला, “अगं ए, तिथं कुठं चाललीस? पोरीचं ध्यान मोडतंय!” आणि मागोमाग आला.

मथुरानं लेकीच्या हनुवटीखाली ओंजळ धरली, लहानपणी तोंडात माती घातल्यावर धरायची तशी.

“थूक ते. नंदू, थूक आधी.”

नंदूनं गोंधळून माउथगार्ड आईच्या ओंजळीत टाकलं. कडेला तांबडी रेघ होती. सर्जेरावानं ती पाहिली. त्याचा चेहरा बदलायला लागला, हात पाकिटाच्या खिशाकडं गेला.

“तू नाही चावलंस,” मथुरा म्हणाली. “मी केलंय हे. खंडेनवमीला दिव्याला चिकटवून ठेवलं, उजेड मिळावा म्हणून. एक बाजू वितळली. दसऱ्याला पहाटं गरम पाण्यात घातलं नि माझ्या दातांवर दाबून बसवलं. हे तुझ्या मापाचं न्हाई, माझ्या मापाचं हाय. तू इचारलंस तवा मी तुझ्या तोंडावर खोटं बोलले.”

“देवीच्या दिव्यानं?” सर्जेराव पुटपुटला. “म्हंजी देवीनंच…”

“देवीला मधी आणू नका,” मथुरा त्याच्याकडं वळली. “दिवा देवीचा, हात माझा. ताटलीत ठेवलं ते मी ठेवलं, लपवलं ते मी लपवलं. देवी त्यात कायबी बोलली न्हाई. भिऊन गप बसले ती मी. तुमाला भ्याले. सर, त्या डॉक्टरीणबाईंना फोन लावा, साचा त्यांच्या कपाटात हाय, सुट्टी संपायच्या आत हुतंय का इचारा. न्हाई झालं तर आज ही रिंगणात जायची न्हाई. फुडच्या वर्षी जाईल.” तिनं श्वास घेतला. सर्जेराव काही बोलणार, तेवढ्यात तिनं हात वर केला. “आन् अजून एक. कौल लावला तवा मला कुणी इचारलं न्हाई, मीबी बोलले न्हाई. आता सांगते. उजवं पडू दे न्हाईतर डावं, मला माझी पोरगी खेळायला पायजे.”